राखणदाराची राखण

नाशिक शहराच्या उत्तरेस रामशेज नावाचा एक किल्ला आहे. सह्याद्रीतील बेलाग दुर्गांपुढे तो ठेंगणाच दिसतो. तरीही १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्यास वेढा घातला, तेव्हा गडावरील थोड्याशा मराठ्यांनी तो काही वर्षे झुंजता ठेवला. मोगलांनी तोफा डागल्या, लाकडी दमदमे उभारले, एकामागून एक सरदार बदलले. परंतु गड हाती येईना. अखेर तो गेला, तो तट फुटला म्हणून नव्हे; गडावरचा अधिकारीच फितूर झाला म्हणून गेला, असे इतिहास सांगतो.

दरवाजा आतूनच उघडला गेला, की तटाची उंची मोजण्यात अर्थ उरत नाही. तीन शतकांपूर्वीची ही गोष्ट आजच्या घरांना लागू पडावी, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटेल. परंतु घराच्या रक्षणासाठी मोठ्या हौसेने आणलेला राखणदार मालकाच्या नकळत परक्याला सामील होतो, असे प्रकार आज जगात घडत आहेत. हा राखणदार हाडामांसाचा नाही; तो विजेवर चालणारा आहे.

गंगापूर रोडवरील नव्या सदनिका असोत, सिडकोतील बैठी घरे असोत, की पंचवटीतील जुने वाडे असोत, अशा नव्या राखणदारांचा प्रवेश सर्वत्र होऊ लागला आहे. दारावरचा कॅमेरा येणाऱ्या-जाणाऱ्याचे चित्र टिपतो. दारावरची घंटा वाजली, की कामावर गेलेल्या आईला आपल्या फोनवर पाहुणा दिसतो. कुलूप बोटाच्या ठशाने उघडते. दिवा आणि पंखा शब्दाची आज्ञा पाळतात. निफाड-दिंडोरीच्या शिवारात तर शेतकरी घरी बसून मोबाइलवरून विहिरीवरची मोटर चालू करतो. अशा उपकरणांना लोक ‘स्मार्ट’ म्हणजे चतुर म्हणतात. ती माणसाचे श्रम वाचवतात, म्हाताऱ्या माणसांना आधार देतात, आणि रात्री-अपरात्री शेतात जाण्याचा धोका टाळतात. म्हणून त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. घराची राखण या उपकरणांनी करावयाची. परंतु या उपकरणांची राखण कोणी करावयाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी चतुर उपकरण म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. साधा दिवा आणि चतुर दिवा यांत प्रकाशाचा फरक नाही. चतुर दिव्याच्या पोटात एक इवलासा संगणक असतो, हाच काय तो फरक. हा संगणक घरातील राउटर नावाच्या पेटीशी बिनतारी संदेशांनी जोडलेला असतो, आणि राउटर पुढे इंटरनेटशी जोडलेला असतो. पूर्वी गावात शिरावयाचे, तर वेशीतून शिरावे लागे. राउटर ही घराची तशीच वेस होय. फोनवरून दिवा लावण्याची आज्ञा दिली, की ती पुष्कळदा थेट दिव्याकडे जात नाही. ती आधी उपकरण बनविणाऱ्या कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकाकडे जाते आणि तेथून घरी परत येते. म्हणजे शेजारच्या खोलीतील दिवा लावण्यासाठी आज्ञेला कधी कधी समुद्रापलीकडे जाऊन यावे लागते! साऱ्या सोयीचे मूळ या प्रवासात आहे, आणि साऱ्या धोक्याचे मूळही त्यातच आहे. ज्या वाटेने मालकाची आज्ञा येते, त्याच वाटेने परक्याचीही येऊ शकते.

परक्याला अडविण्यासाठी या वाटेवर परवलीचा शब्द विचारला जातो. यालाच आज सर्व जण पासवर्ड म्हणतात. ज्याला तो शब्द ठाऊक, तो आपला. ज्याला ठाऊक नाही, तो परका. उपकरण कारखान्यातून बाहेर पडते, तेव्हा त्याला एक परवलीचा शब्द देऊन ठेवलेला असतो. कित्येक कंपन्यांनी वर्षानुवर्षे आपल्या हजारो उपकरणांना एकच एक शब्द दिला, आणि तोही अगदी सोपा, म्हणजे एक ते पाच हे आकडे किंवा ‘अ‍ॅडमिन’ असा. घरी आणल्यावर मालकाने तो बदलावा, अशी अपेक्षा होती. बहुतेक मालकांनी तो बदलला नाही. उपकरण चालू झाले, चित्र दिसू लागले, घरातील सर्वांना आनंद झाला, आणि परवलीचा शब्द जसाच्या तसा राहिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक असलेली किल्ली दाराला लावून ठेवावी, तसेच हे झाले.

याचा परिणाम काय होतो, ते २०१६ मध्ये जगाला दिसले. त्या वर्षी अमेरिकेतील काही तरुणांनी ‘मिराई’ नावाची एक घातक आज्ञावली तयार केली. ही आज्ञावली इंटरनेटवर पत्ते शोधत फिरे. कॅमेरा किंवा राउटर सापडला, की ती कारखान्यांनी दिलेली नावे आणि परवलीचे शब्द एकेक करून वापरून पाही. अशा साठाहून थोड्या अधिक जोड्यांची यादी तिच्याजवळ होती. कुलूप फोडावे लागत नव्हते. यादीतील किल्ली लागत होती. एक उपकरण ताब्यात आले, की तेही इतर उपकरणांचा शोध घेऊ लागे. असे करता करता एका वेळी सुमारे ६ लाख उपकरणे या आज्ञावलीच्या अंकित झाली होती, असे अभ्यासकांना पुढे आढळून आले.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा अंकित उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतील ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला चढविला. ही कंपनी इंटरनेटवरील नावांचे पत्ते सांगण्याचे काम करीत असे. कॅमेऱ्यांनी आणि राउटरांनी मिळून तिच्यावर एकाच वेळी निरर्थक विचारणांचा असा भडिमार केला, की खऱ्या विचारणांना उत्तर देणे तिला अशक्य झाले. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या मोठमोठ्या सेवा अमेरिकेत आणि युरोपात कित्येक लोकांना काही तास मिळेनाशा झाल्या. पुढच्याच महिन्यात या आज्ञावलीच्या एका सुधारित अवताराने जर्मनीतील सुमारे ९ लाख ग्राहकांच्या राउटरांचे काम बिघडविले.

मूळ आज्ञावली रचणाऱ्या, जेमतेम विशी गाठलेल्या तिघा तरुणांनी डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांच्या कृत्यांचा आरंभ ‘माइनक्राफ्ट’ या मुलांच्या आवडत्या खेळापासून झाला होता. त्या खेळासाठी संगणक पुरविण्याच्या धंद्यातील प्रतिस्पर्ध्यांची व्यवस्था बंद पाडावी, असा त्यांचा डाव होता. खेळातील स्पर्धेसाठी पेटविलेली काडी पुढे कोणकोणाची घरे जाळील, याचा विचार त्यांनी केला नाही. बुद्धी होती, विवेक नव्हता.

या सर्व प्रकरणात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्यांचे कॅमेरे या फौजेत सामील झाले, त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्यांच्या घरी चोरी झाली नाही. कॅमेरा पूर्वीप्रमाणेच चित्र दाखवीत होता. राखणदार दारात उभाही होता आणि त्याच वेळी परक्याची चाकरीही करीत होता. हानी झाली ती दुसऱ्यांची. म्हणूनच “आमच्या घरात चोरण्यासारखे आहे तरी काय? आमच्या कॅमेऱ्यात कोण डोकावणार?” असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांचे म्हणणे टिकत नाही. घरात सोने नसले, तरी घराचे दार वाटमाऱ्यांना लपावयास उपयोगी पडू शकते.

एकाच्या घरातील निष्काळजीपणा साऱ्या वस्तीला कसा भोवतो, हे समजण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. पावसाळा आला, की डेंग्यूची साथ डोके वर काढते. हा रोग पसरविणारा डास घाण पाण्यात नव्हे, तर घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. झाकण नसलेला रांजण, गच्चीवर टाकलेले जुने टायर, कूलरची टाकी, कुंडीखालची बशी, एवढे त्याला पुरते. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणपणे आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा आणि सारी भांडी रिकामी करून घासावी, असे आरोग्यखाते सांगते. आता गल्लीतील वीस घरांनी कोरडा दिवस पाळला आणि एकविसाव्या घराने पाळला नाही, तर काय होईल? डास उंबरठा ओळखत नाहीत. एकविसाव्या घरातील रांजण हा त्या घराचा खासगी प्रश्न राहत नाही. तो गल्लीचा प्रश्न होतो. ज्याची कोणी निगा राखत नाही, असा कॅमेरा म्हणजे झाकण नसलेला रांजणच होय.

दुसरे उदाहरण शिवारातले आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेतीपंपांना वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत आली आहे. रात्री वीज आली, की काळोखात विहिरीवर जावयाचे, वाटेत साप-विंचू आणि नाशिक जिल्ह्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचेही भय. म्हणून शेतकऱ्यांनी पंपांना ‘ऑटो स्विच’ बसविले. वीज आली, की पंप आपोआप चालू होतो. सोय मोठी आहे आणि शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. परंतु मोटर सुरू होण्याच्या क्षणी तिला नेहमीपेक्षा कितीतरी पट वीज लागते. शिवारातील सर्वांच्या मोटरी वीज येताच एकदम सुरू झाल्या, की तो भार रोहित्राला सोसत नाही. रोहित्र जळते, आणि साऱ्या शिवाराचे पाणी बंद होते. म्हणून ऑटो स्विच काढून टाकावे आणि पंपांना कपॅसिटर बसवावे, अशी विनंती महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करीत असते. प्रत्येकाचे यंत्र आपापल्या जागी बिनचूक चालले होते. तरीही सर्वांचे मिळून नुकसान झाले. जे यंत्र सामायिक तारेला जोडलेले असते, ते पूर्णपणे एकट्याचे कधीच नसते. विजेच्या तारेला जो न्याय, तोच इंटरनेटच्या तारेलाही लागू पडतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की हा सारा दोष ग्राहकाच्या माथी का मारावा? दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, दिवसभर कष्ट करणाऱ्या माणसाने संगणकशास्त्र शिकावे काय? ज्यांनी कच्चे कुलूप विकले, त्यांना कोणी जाब विचारावयाचा नाही काय?

हा आक्षेप रास्त आहे. पहिली जबाबदारी उपकरण बनविणाऱ्याचीच आहे, यात संशय नाही. जगातील कायदेही आता त्या दिशेने वळू लागले आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदा लागू झाला, की घरगुती चतुर उपकरणांना सर्वांना एकच असा सोपा परवलीचा शब्द देऊन ती विकता येणार नाहीत. तसेच सुरक्षिततेच्या सुधारणा किमान किती काळ पुरविल्या जातील, हेही कंपनीने आधीच सांगितले पाहिजे. भारत सरकारनेही पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी सुरक्षिततेच्या कसोट्या ठरविल्या असून त्यांची चाचणी एप्रिल २०२५ पासून बंधनकारक केली आहे. सरकारने २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ही सुरू केले. मिराईसारख्या आज्ञावलींनी ग्रासलेली उपकरणे शोधणे आणि ती स्वच्छ करण्याची साधने लोकांना विनामूल्य देणे, हे त्याचे काम. या केंद्राच्या नावातील ‘स्वच्छता’ हा शब्द अगदी समर्पक आहे.

परंतु कायदा झाला, म्हणून काम संपत नाही. नवा कायदा नव्या मालाची तपासणी करतो. पाच वर्षांपूर्वी भिंतीवर लावलेल्या कॅमेऱ्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. कंपनीने दुरुस्ती पाठविली, तरी ती स्वीकारण्याचे बटण पुष्कळदा घरातील माणसालाच दाबावे लागते. नगरपालिका रस्ता झाडील, औषध फवारील. घरातील रांजण मात्र घरच्यांनीच घासला पाहिजे. कारखानदाराचे कर्तव्य, सरकारचे कर्तव्य आणि घरमालकाचे कर्तव्य ही तीन पायांची तिवई आहे. तिचा एक पाय काढला, की उरलेल्या दोहोंवर ती उभी राहत नाही.

आतापर्यंत विचार झाला तो राखणदाराच्या इमानाचा. त्याच्या भरवशाचाही विचार केला पाहिजे. इमानी राखणदार ऐन वेळी जागेवर नसेल, तर त्याच्या इमानाचा काय उपयोग?

७ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या पूर्व भागातील अ‍ॅमेझॉन कंपनीच्या संगणक-केंद्रात बिघाड झाला. त्याबरोबर कित्येक घरांतील दारावरच्या घंटा, कॅमेरे आणि केर काढणारी यंत्रे काम करीनाशी झाली. त्या घरांत वीज होती, यंत्रे शाबूत होती. परंतु त्यांना आज्ञा देणारा दूरचा संगणक गप्प झाला होता. त्याआधी मे २०१६ मध्ये ‘रिव्हॉल्व्ह’ नावाच्या उपकरणाचे असेच झाले. घरातील दिवे आणि इतर साधने एकत्र चालविणारी ही पेटी होती. ज्या कंपनीने ती विकत घेतली होती, तिने दूरची सेवाच बंद केली, आणि लोकांनी भरपूर पैसे मोजून घेतलेली पेटी एका दिवसात निरुपयोगी ठरली. वस्तू घरात आहे, पैसे दिलेले आहेत. तरीही तिचा प्राण दुसऱ्याच्या हाती आहे, अशी ही विचित्र मालकी होय.

या बाबतीत नाशिककरांच्या डोळ्यांसमोर एक उत्तम दृष्टान्त उभा आहे. गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले जाते, तेव्हा किती क्युसेक पाणी येत आहे, याचे आकडे अधिकारी देतात. ते आकडे आवश्यकच आहेत. परंतु गोदाकाठचा दुकानदार आधी पाहतो तो दुतोंड्या मारुतीकडे. पाणी मूर्तीच्या गुडघ्यांपर्यंत आले, कमरेपर्यंत आले, की छातीपर्यंत चढले, यावरून तो आपला माल हलवावयाचा की नाही, ते ठरवितो. या मूर्तीला वीज लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. लहान मुलालाही तिची खूण वाचता येते. नवी मोजमापे आली म्हणून नाशिककरांनी ही जुनी खूण विसरून टाकली नाही. दोन्ही राहिली, आणि त्यामुळे भरवसा वाढला. चतुर घराचाही हाच नियम असावा. कुलूप बोटाच्या ठशाने उघडत असले, तरी साधी किल्ली जवळ असावी. दिवा शब्दाने लागत असला, तरी भिंतीवरचे बटणही चालावे. मोटर फोनवरून बंद होत असली, तरी ती हाताने कशी बंद करावी, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. वीज गेली किंवा इंटरनेट बंद पडले, तर ज्या घरात साधा दिवा लावता येत नाही, त्या घराला चतुर कसे म्हणावे?

मग प्रत्यक्ष करावयाचे काय? कामे थोडी आहेत आणि मुलांनाही समजण्यासारखी आहेत. पहिले काम म्हणजे कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलणे. नवा शब्द लांब असावा. आपले नाव, जन्मतारीख किंवा गाडीचा क्रमांक त्यात नसावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले, तर लक्षात राहणारा आणि तरीही ओळखण्यास कठीण असा शब्द तयार होतो, जसे ‘कंदील-सायकल-जांभूळ-पायरी’. हे चार शब्द मात्र कोणी वापरू नयेत. पुस्तकात छापलेला परवलीचा शब्द परवलीचा उरत नाही! प्रत्येक उपकरणासाठी शब्द निराळा असावा, आणि राउटरचा शब्द विसरून चालावयाचे नाही. कारण वेसच उघडी राहिली, तर घरोघरची दारे लावून किती उपयोग? जेथे परवलीच्या शब्दाबरोबर फोनवर आलेला अंकही विचारण्याची सोय असेल, तेथे ती सोय घ्यावी, आणि तो अंक कोणासही सांगू नये.

दुसरे काम म्हणजे उपकरणासाठी कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा वेळच्या वेळी घेणे. रोज नव्या युक्त्या शोधणाऱ्या चोराला जुन्या कुलपाची फट सापडतेच. सुधारणा म्हणजे ती फट बुजविणे होय. तिसरे काम खरेदीपूर्वीचे आहे. स्वस्त काय, एवढेच न पाहता, या वस्तूला सुधारणा किती वर्षे मिळतील, आणि इंटरनेट बंद असताना ती चालेल काय, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारावेत. चौथे काम म्हणजे पुष्कळ राउटरांत पाहुण्यांसाठी निराळे जाळे असते, त्यावर अशी उपकरणे ठेवणे. म्हणजे एखादा दिवा फितूर झालाच, तरी आईच्या बँकेच्या कामाचा फोन त्याच्या आवाक्याबाहेर राहील. पाचवे काम शेवटचे आहे. जुने उपकरण विकण्यापूर्वी किंवा भंगारात देण्यापूर्वी त्यातील सारी माहिती पुसून टाकावी. राखणदाराला निरोप देताना त्याच्या कमरेची किल्ली काढून घ्यावयाची असते.

ही कामे ध्यानात राहावीत, म्हणून घरात एक लहानशी वही असावी. कोणते उपकरण केव्हा घेतले, सुधारणा केव्हा घेतली, बंद पडले तर हाताने कसे चालवावे, एवढे तिच्यात लिहावे. परवलीचे शब्द त्या वहीत उघड्यावर न लिहिता वडीलधाऱ्यांनी ते निराळे जपून ठेवावेत. आठवड्यातून एक दिवस जसा रांजणांसाठी, तसा महिन्यातून एक दिवस या वहीसाठी राखून ठेवला, तर अर्ध्या तासात सारे काम होईल.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उच्चार केला पाहिजे. पुष्कळ घरांत ही उपकरणे जुळविण्याचे काम घरातील मुलाकडे किंवा मुलीकडे येते. आजोबा कौतुकाने म्हणतात, “हे आमच्या नातीलाच कळते.” नातीचे कौतुक व्हावे, हे योग्यच आहे. परंतु घराच्या साऱ्या किल्ल्या एकाच बालकाच्या डोक्यात असणे योग्य नाही. उद्या ती नात शिक्षणासाठी पुण्यास गेली, तर मागे राहिलेल्या आजी-आजोबांना आपल्याच घराचे दार परके होईल. म्हणून ज्याला येते, त्याने आपल्याला येते म्हणून मिरवू नये. इतरांना येईपर्यंत शिकवावे. आजीला कॅमेरा बंद करता आला पाहिजे. आजोबांना कुलूप किल्लीने उघडता आले पाहिजे. ज्ञान एकाच्या मुठीत राहिले, की ती सत्ता होते. सर्वांच्या हाती आले, की ती सोय होते.

राखणदाराला मर्यादाही असावी लागते. कॅमेरा स्वतःच्या दाराकडे रोखलेला असावा, शेजाऱ्याच्या खिडकीकडे नव्हे. घरात काम करण्यास येणाऱ्या बाईंना कॅमेरा कोठे आहे, हे आधी सांगितलेले असावे. बोललेले ऐकणारे उपकरण, घरातील माणसे निवांत बोलत बसतात, तेथे सदैव चालू ठेवण्याची गरज नसते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खासगी जीवन जपण्याचा अधिकार हा मूलभूत अधिकार आहे. हा अधिकार जसा घरमालकाचा आहे, तसाच तो शेजाऱ्याचा आहे, कामवाल्या बाईंचा आहे आणि लहान मुलांचाही आहे. आपल्या रक्षणासाठी दुसऱ्याच्या घरात डोळा लावून ठेवणे, हे रक्षण नव्हे.

यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न मनुष्याने चाक केले तेव्हापासून विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर यंत्रात कधीच सापडलेले नाही. ते मनुष्याच्या सवयीत सापडते. रात्री निजण्यापूर्वी दाराला कडी लावली की नाही, गॅसचे बटण बंद आहे की नाही, हे पाहण्याची सवय प्रत्येक घरात असते. ती कोणी शाळेत शिकविली नाही. मोठ्यांना पाहून लहान ती शिकले. चतुर उपकरणांची निगा राखण्याची सवय मात्र अजून घराघरांत रुजावयाची आहे, आणि या वेळी ती लहानांना पाहून मोठे शिकतील, असा संभव आहे. विकत घेतलेली वस्तू त्याच दिवशी आपली होत नाही. जिची निगा आपण राखतो, जिचे दोष आपण जाणतो आणि जिच्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या त्रासाची जबाबदारी आपण पत्करतो, तीच वस्तू खऱ्या अर्थाने आपली होते. ज्या मुलाने आज आपल्या घरच्या राउटरचा परवलीचा शब्द वडिलांसह बसून बदलला, त्याने केवळ घराचे दार लावले असे नाही. गल्लीतील, गावातील आणि कधीही न भेटणाऱ्या दूरच्या माणसांच्या वाटेवरील एक धोका त्याने कमी केला. नागरिकाचे कर्तव्य बहुधा अशाच लहानशा, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या कामांनी पार पडत असते.